चालत्या सर्व्हरला हात लावायलाच हवा

"सर्व्हर एकदा नीट लागला ना, मग त्याला हात लावू नका. अपडेट बंदच करून टाका." आदिलाबादमध्ये संगणकाची कामं करणाऱ्या अनुभवी माणसांकडून हा सल्ला हमखास मिळतो. जिनिंगच्या ऑफिसांत, कर सल्लागारांकडे, दवाखान्यांत, कॉलेजांत मी तो वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. हा सल्ला चुकीचा आहे आणि आता तो घातकही झाला आहे, असं माझं ठाम मत आहे. पण तो देणारी माणसं अडाणी नाहीत की कामचुकारही नाहीत. त्यांची बाजू आधी पुरती मांडायला हवी, कारण अर्धवट मांडून खोडलेल्या मुद्द्यानं कुणाचंच समाधान होत नाही.

कापसाचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या आगेमागे बेला, जैनद, तामसीकडून गाड्या यार्डात आणि जिनिंगला लागू लागतात. काट्याची पावती, शेतकऱ्याचं नाव, भाव, बँकेचा खातेक्रमांक, टॅलीतली नोंद, हे सगळं दोन-चार संगणकांवर भरलं जातं आणि एका शेअर फोल्डरमध्ये जाऊन बसतं. तो फोल्डर ज्या यंत्रावर आहे तेच सकाळी अपडेट घेऊन रुसलं आणि दुपारपर्यंत उघडलं नाही, तर बाहेर रांग वाढते, पहाटेपासून ताटकळलेला शेतकरी चिडतो आणि मालक हार्डवेअरवाल्याला फोन लावतो. अपडेट घेतल्यामुळे जे संकट टळलं ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याचं श्रेय त्याला कधी मिळत नाही. अपडेटमुळे एक दुपार वाया गेली तर बोल मात्र त्यालाच लागतो. असा हिशोब समोर असताना तो अपडेट बंद करतो, यात नवल नाही.

त्याचा हिशोब एका गृहीतकावर उभा आहे: हात लावला नाही तर सर्व्हर आहे तसाच राहतो. मी म्हणतो, तो राहत नाही. त्यातला कोड तोच राहतो, पण त्या कोडबद्दल बाहेरच्या जगाला असलेली माहिती बदलते आणि सारा धोका त्या माहितीत असतो.

इथे थोडं यंत्राच्या आत जावं लागेल. ऑफिसातल्या संगणकावर 'झेड ड्राइव्ह' म्हणून जो फोल्डर दिसतो, तो पलीकडे दोन प्रकारांनी दिला जातो. एक तर विंडोज स्वतः देते, नाहीतर लिनक्सवर चालणारं सांबा नावाचं सॉफ्टवेअर देतं. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल या तरुण संशोधकानं 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सांबा लिहायला घेतलं. आज ते फुकट मिळतं आणि जगभर चालतं. बाजारातून आणलेला नेटवर्क स्टोरेजचा छोटा डबा, ज्याला सगळे 'नॅस' म्हणतात, त्याच्याही पोटात बहुधा लिनक्स आणि सांबाच असतात. म्हणजे "आमच्याकडे सांबा-बिंबा काही नाही" असं म्हणणाऱ्या अनेकांकडे ते असतं, फक्त त्यांनी ते स्वतः बसवलेलं नसतं.

24 मे 2017 रोजी सांबानं एक दोष जाहीर केला. 3.5.0 या 2010 सालच्या आवृत्तीपासून तो तिथे होता, म्हणजे सात वर्षं. ज्या फोल्डरमध्ये फाइल लिहायची परवानगी आहे, तिथे हल्लेखोरानं आपली एक प्रोग्रामची फाइल ठेवायची आणि मग एका खास विनंतीतून सर्व्हरलाच ती चालवायला लावायची. सर्व्हर ती पूर्ण अधिकारानिशी चालवत असे. दुरुस्ती किती मोठी होती? मी ती वाचली आहे. एका फंक्शनच्या सुरुवातीला तीन-चार ओळींची तपासणी घातली: मागितलेल्या नावात तिरकी रेघ असेल तर विनंती नाकारायची. बस्स, एवढंच. ज्याला सी भाषा जेमतेम येते त्यालाही त्या ओळींवरून कळेल की दार कुठे उघडं होतं. आदल्या दिवशीपर्यंत जो दोष मोजक्या लोकांना ठाऊक होता, तो त्या दिवसापासून कुणालाही वाचता येऊ लागला. थोड्याच दिवसांत तो वापरून लोकांच्या सर्व्हरवर चोरून आभासी चलन खोदणारे प्रोग्राम आले. 23 मे आणि 25 मे या दोन दिवशी तुमच्या नॅसमध्ये कोड एकच होता, धोका मात्र एक नव्हता. "काल चालत होता, आजही चालतो आहे" या वाक्यात हा फरक कुठेच दिसत नाही, म्हणून ते वाक्य सर्व्हरच्या प्रकृतीचा पुरावा ठरत नाही.

यावर पहिलं उत्तर येतं ते असं: आदिलाबादला कोण येतंय? दिल्ली-मुंबईच्या बँका सोडून आमच्या कापसाच्या पावत्या कोण चोरणार?

हल्लेखोर गाव निवडतो, पत्ता शोधतो, मग येतो, अशी यामागची कल्पना आहे. फाइल शेअरिंगच्या दोषांवर चालणारे हल्ले तसे होत नाहीत. 12 मे 2017 रोजी सुरू झालेला वॉनाक्राय हा हल्ला घ्या. विंडोजच्या जुन्या फाइल शेअरिंगमधल्या एका दोषावर तो चालला. एका संगणकात शिरला की तिथून तो आपोआप दिसेल त्या पत्त्याचा 445 क्रमांकाचा पोर्ट ठोठावायचा. समोर बँक आहे की बालवाडी, हे तो विचारत नव्हता. केरळात वायनाडमधल्या तरियोड आणि पत्तनंतिट्टा जिल्ह्यातल्या अरुवाप्पुलम या ग्रामपंचायतींचे संगणक त्यानं कुलूपबंद केले. ग्रामपंचायतींचे! आंध्र प्रदेशात पोलिसांचे संगणक बसले. इंग्लंडमध्ये 80च्या आसपास रुग्णालय ट्रस्टना झळ लागली आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. तरियोड ग्रामपंचायतीत चोरण्यासारखं काय होतं, याचं उत्तर ज्याला देता येईल त्यानंच आदिलाबादला कोण येतंय हा प्रश्न विचारावा. इथे कुणी काही चोरत नाही. तुमचीच फाइल तुम्हाला उघडता येऊ नये अशी करून ठेवतात आणि ती परत देण्याचे पैसे मागतात. दुसऱ्याच्या लेखी कवडीमोल असलेली पावती तुमच्या लेखी अमूल्य असते, सारा धंदा त्यावरच आहे.

या घटनेतली एक तारीख मला जास्त बोचते. मायक्रोसॉफ्टनं त्या दोषाची दुरुस्ती 14 मार्च 2017 रोजी दिली होती. हल्ला 12 मेला झाला. मधे 59 दिवस होते. 'जुन्या एक्सपीवाल्यांचा घात झाला' असं आजही सांगितलं जातं, पण बाधित यंत्रं बहुसंख्येनं विंडोज 7ची होती आणि तिच्यासाठी दुरुस्ती दोन महिने आधीपासून हजर होती.

दुसरं उत्तर थोडं तांत्रिक असतं: आमचा सर्व्हर आतल्या नेटवर्कवर आहे, बाहेरून दिसत नाही. हे निम्मं खरं आहे आणि त्या निम्म्याचं मोल मी कमी करत नाही. 445 हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवणं हा गुन्हा मानावा इतकं ते चूक आहे. पण आपल्या ऑफिसातलं 'आत' म्हणजे नेमकं काय असतं ते एकदा पाहा. मालकाचा लॅपटॉप घरीदारी सगळीकडे फिरून संध्याकाळी त्याच वायफायला लागतो. वायफायचा पासवर्ड काउंटरवरच्या कागदावर लिहिलेला असतो. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचं बोट लावायचं यंत्र, कारकुनाचा मोबाइल, पाहुण्यांचे मोबाइल, सगळे एकाच राउटरवर असतात. यातला एक बाधित झाला की हल्लेखोर आत आलाच. दिल्लीच्या एम्समध्ये 23 नोव्हेंबर 2022 रोजी असाच घाला पडला. सरकारनं संसदेत सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते. देशातल्या नावाजलेल्या रुग्णालयाचं कामकाज त्यानंतर कित्येक दिवस कागदावर चाललं.

आपल्या वीज कंपनीचं उदाहरण तर घराजवळचं आहे. 2019च्या उन्हाळ्यात तेलंगणा आणि आंध्रच्या वीज वितरण कंपन्यांच्या संगणकांवर खंडणीचा हल्ला झाला. आदिलाबादला वीज देणारी उत्तर तेलंगणाची कंपनीही त्यांत होती आणि ऑनलाइन बिल भरणं अडलं. तो हल्ला फाइल शेअरिंगच्याच दारानं आला असं माझं म्हणणं नाही. "हे सगळं दूर कुठेतरी होतं" असं म्हणायची सोय मात्र आपल्याला तेव्हापासून उरलेली नाही.

आता त्यांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येतो: अपडेटनं चालतं काम मोडतं. हो, मोडतं. हे नाकारणारा माणूस सर्व्हरच्या खोलीत कधी गेलेला नाही. एप्रिल 2016मध्ये बॅडलॉक या दोषावर सांबानं भलीमोठी दुरुस्ती दिली आणि तिच्यामुळे नवे बिघाड झाले. मे महिन्यात ते निस्तरणारी 4.4.3 ही आवृत्ती काढावी लागली आणि तिच्या टिपणात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. नोव्हेंबर 2021च्या 4.15.2नंतरही हेच झालं. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं विंडोजची 85 लाख यंत्रं आडवी केली. हैदराबादच्या विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले आणि त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. 27 जून 2017 रोजी आलेला नॉटपेट्या हा हल्ला तर युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच दडून आला होता. अपडेटविरोधकांना यापेक्षा मोठा पुरावा मी स्वतः शोधून देऊ शकत नाही.

पण हाच नॉटपेट्या पुढे कसा पसरला ते पाहू. अपडेटमधून तो आत आला, पण संगणकामागून संगणक घेत गेला तो मार्चमध्ये दुरुस्त झालेल्या त्याच फाइल शेअरिंगच्या दोषातून आणि चोरलेल्या पासवर्डमधून. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाचं मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. संगणकावर चालणारं काम हातानं करायची पाळी आली आणि कंटेनर अडकून पडले. मर्स्कला 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्यानं उभे करावे लागले, असं तिच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. चोरलेल्या पासवर्डपुढे एकटा पॅच, म्हणजे दोषाची दुरुस्ती, पुरत नाही, हे मला मान्य आहे. पण म्हणून तो दाराबाहेर ठेवायचा, हा निष्कर्ष निघत नाही. पॅच असताना हल्लेखोराला एक वाट उरते, नसताना दोन मिळतात.

क्राउडस्ट्राइकच्या घटनेतून मी काढतो तो धडा असा की एकच बदल सगळ्या यंत्रांवर एकाच क्षणी ढकलू नये. त्याला टप्पे असतात. रविवारी, ऑफिस बंद असताना, आधी बॅकअप. मग सेटिंगच्या फाइलची प्रत. मग दुरुस्ती, मग सेवा पुन्हा सुरू. मग टॅली उघडून पाहायची, एक पावती छापून पाहायची, स्कॅन टाकून पाहायचा. बिघडलंच तर जुनं पॅकेज परत. महिन्याचा एखादा तास लागतो. अंगाला ताप येतो म्हणून लहान मुलाची लस कुणी बंद करत नाही. लसीनंतरच्या रात्री जागरणाची तयारी ठेवतो, तेवढीच तयारी इथे हवी.

शिवाय 'अपडेट' म्हणून ज्याची भीती घातली जाते त्यात दोन निराळ्या गोष्टींची मिसळ असते. नवी आवृत्ती घेणं वेगळं आणि आहे त्या आवृत्तीतला दोष बुजवणं वेगळं. डेबियन किंवा उबुंटूसारख्या लिनक्समध्ये सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच बसवून दिली जाते. सांबाचा मूळ क्रमांक तोच राहतो, सेटिंग तीच राहतात, फक्त दोषाच्या चार ओळी बदलतात. एकदा लावलेला सर्व्हर वर्षानुवर्षं त्याच आवृत्तीवर ठेवायचा असेल तर ठेवा, माझी हरकत नाही. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षं दुरुस्त्या पुरवते, आणि ती याच माणसांसाठी काढलेली असते. ज्याला बदल नको आहे त्यानं तर दुरुस्त्या घेण्याचा जास्त आग्रह धरायला हवा.

आणि हात न लावताही सर्व्हर मोडतो, हे मी आमच्या मित्रांना पुन्हा पुन्हा सांगतो. जुलै 2023मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजमध्ये सुरक्षेचा एक बदल केला. ज्या ऑफिसांत विंडोजचे संगणक सांबाच्या डोमेनमधून लॉगइन होत, तिथे तो बदल आल्यावर विंडोज आणि सांबा यांच्यातला विश्वासाचा धागा तुटला. सांबानं काही दिवसांतच 4.18.5 देऊन ते सावरलं. ज्यांनी सांबाला हात लावलाच नव्हता त्यांची गाडी तशीच अडली. त्यांच्या यंत्रात काहीही बदललं नव्हतं, शेजारची यंत्रं बदलली होती. नेटवर्कवर राहणाऱ्या यंत्राला एकट्यानं थांबून राहता येत नाही.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त सर्व्हर तिनंच कमकुवत केले आहेत. कोपऱ्यातलं झेरॉक्सचं मोठं यंत्र. कागद ठेवला, बटण दाबलं की स्कॅन थेट शेअर फोल्डरमध्ये जातो. यंत्र जुनं असलं तर त्याला फाइल शेअरिंगची एसएमबी 1 ही एवढीच जुनी भाषा कळते, म्हणजे वॉनाक्राय जिच्यावर चालला तीच. सांबानं 4.11पासून, सप्टेंबर 2019मध्ये, ती मुळातच बंद ठेवली. विंडोज 10नं 2017च्या अखेरीसच तिला रजा दिली. मग एके दिवशी स्कॅन जात नाही, ऑफिसातून फोन येतो, हार्डवेअरवाला येतो आणि सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून एसएमबी 1 पुन्हा चालू करतो. पाच मिनिटांत काम होतं, चहा होतो, सगळे खूष. त्या एका झेरॉक्ससाठी आख्ख्या ऑफिसचं दार वीस वर्षं मागे नेऊन ठेवलं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. 2024च्या अखेरीस आलेल्या विंडोज 11च्या 24एच2 आवृत्तीनंतर तेच सुरू आहे: पासवर्डाविना उघडणारा नॅसचा फोल्डर तिनं नाकारला की नॅसला पासवर्ड लावायचं सोडून विंडोजचंच संरक्षण काढायला सांगितलं जातं. उपाय साधे आहेत. स्कॅन ईमेलवर घ्या, पेनड्राइव्हवर घ्या, किंवा झेरॉक्सपुरतं एक वेगळं छोटं यंत्र ठेवा ज्याचा बाकीच्या फोल्डरांशी संबंध नाही.

"फुकटचं सॉफ्टवेअर आहे, दर थोड्या दिवसांनी दोष निघतात, म्हणजे मालच कच्चा" हा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो. सात वर्षं लपलेला दोष तारखेसह जाहीर करून, त्याच दिवशी आवृत्त्यांच्या तीन-तीन मालिकांची दुरुस्ती देणारा संघ मला विश्वासार्ह वाटतो. ज्या वस्तूचे दोष कधीच जाहीर होत नाहीत तिला मी घाबरतो. कंपनीनं ज्यावरून हात काढून घेतला आहे तो जुना नॅस अशाच वस्तूंत मोडतो; त्यातला सांबा कोणत्या सालचा आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

बॅकअप आहे, मग काय बिघडतं? बॅकअप असेल तर उत्तमच. पण बहुतेक ठिकाणी तो त्याच नॅसवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये असतो, नाहीतर कायम जोडून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर. सर्व्हरचा पूर्ण ताबा गेला की तोही जातो.

माझा खरा राग या सगळ्या तांत्रिक मुद्द्यांपलीकडचा आहे. अपडेट बंद करायचा निर्णय मालक आणि हार्डवेअरवाला दोघे मिळून घेतात. त्याची किंमत भरतो तो तिसराच. किनवट, पांढरकवड्याकडून सीमा ओलांडून इथल्या दवाखान्यात आलेल्या बाईचा जुना एक्सरे उघडत नाही, तेव्हा तिला पुन्हा पैसे मोजावे लागतात. उटनूरच्या मुलाची गुणपत्रिका अडकते. चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याची नोंद सापडत नाही, आणि त्याचा आधार क्रमांक, खातेक्रमांक कुठे गेला हे त्याला कुणी कळवतही नाही. यांच्यापैकी कुणालाही विचारलेलं नसतं. 2023च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यानं सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. माझा भर दंडावर नाही. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती सांभाळायची जबाबदारी कायदा येण्याआधीही होतीच.

हार्डवेअरवाल्याकडे बोट दाखवून मालकानं सुटू नये, हेही सांगायला हवं. वार्षिक देखभालीचा करार करताना आपण काय लिहितो? बंद पडलं की येऊन चालू करायचं. बंद पडू नये म्हणून केलेल्या कामाचा त्यात रुपया नसतो. मग तो महिन्याचा एक तास कुणी आणि का द्यावा? पैसे त्या तासाचे द्या. करारात तीन वाक्यं घाला: महिन्यातून एकदा सुरक्षेच्या दुरुस्त्या बसवायच्या, कधी काय बसवलं याची वही ठेवायची, आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून एक फाइल प्रत्यक्ष परत काढून दाखवायची. त्या तासात काम अडलं तर हार्डवेअरवाल्याला बोल लावणार नाही, हे मालकानं तोंडानं सांगावं; इतक्या वर्षांत हे वाक्य मी कुठल्याही ऑफिसात ऐकलेलं नाही.

सुरुवात करायला योग्य महिना सप्टेंबर. कापूस अजून झाडावर असतो, यार्डात गर्दी नसते. त्या महिन्यातल्या एका रविवारी सर्व्हरसमोर बसा, सांबाची आवृत्ती पाहा, शेवटची दुरुस्ती कधी बसली ते पाहा, सेटिंगच्या फाइलमध्ये एसएमबी 1 चालू करणारी ओळ आहे का ते शोधा, आणि सापडली तर ती झेरॉक्सवाल्याला दाखवून काढून टाका.